रेघा कशाच्या, ते विचारा

प्रश्न : माझी आजी (वडिलांची आई) नव्वदीच्या पुढे आहे. नेमकं वय कुणालाच ठाऊक नाही. आधार कार्डावर 1 जानेवारी आहे, पण ती तारीख खरी नसणार. आजोबा लवकर गेले. त्यानंतर बारा माणसांचं घर तिनं एकटीनं ओढलं, चार मुलांना शिकवलं. दिवाळीला सगळे जमतील तेव्हा तिच्या आयुष्यावर एक छोटी पुस्तिका करून तिच्या हातात द्यावी, असं आम्हा नातवंडांच्या मनात आहे. पण मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून विचारायला बसलं, की ती म्हणते, 'काय सांगायचं? रांधलं, वाढलं, उष्टी काढली.' पुढे गप्प. तिला बोलतं कसं करावं?
— एक नात, ठाणे

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू जिथं अडली आहेस तिथंच मीही अडले होते, आणि माझी त्यात वीसेक वर्षं गेली.

माझ्या सासूबाई माण तालुक्यातल्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून इथंही आत्याच म्हणते. मी 1979 साली त्या घरात सून म्हणून गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, चार बुकं शिकलेली. मामंजी मुंबईला गिरणीत. लालबागला एका गाळ्यात वीस-पंचवीस जणांत राहायचे, खानावळीत जेवायचे आणि वर्षाकाठी यात्रेला नि शिमग्याला गावी यायचे. मागं सात एकर कोरडवाहू रान, दोन बैल, आत्यांचे अंथरुणाला खिळलेले सासरे, त्यांची एक परत आलेली नणंद आणि पाच पोरं. हा सगळा कारभार आत्यांचा. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, कारभारीण म्हणत. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. त्यात कष्ट आहेतच, पण त्याआधी अक्कल आहे, हिशेब आहे, निर्णय आहे.

मी मात्र त्यांना काय विचारायची? 'आत्या, तुम्ही फार सोसलंत हो.' त्यावर त्या म्हणायच्या, 'केलं की आपलं,' आणि उठून गोठ्याकडे जायच्या. मी दुःख विचारत होते, आणि दुःख काही त्यांना सुनेपुढं मांडायचं नव्हतं. ज्याची त्यांना खरी घमेंड होती, म्हणजे त्यांचं काम, ते कसं केलं हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

2003 च्या उन्हाळ्यात गावाला टँकर सुरू होता. आम्ही घागरी, कळश्या, डबे घेऊन रांगेत. आत्या पंच्याहत्तरीला आलेल्या, ओट्यावर बसून ते बघत होत्या. म्हणाल्या, 'झिरा काढा की.' मी सहज विचारलं, 'आत्या, झिरा कुठं काढायचा हे कळतं कसं?' त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की इतक्या वर्षांत हिनं पहिल्यांदा काही शहाण्यासारखं विचारलं. म्हणाल्या, 'उद्या पहाटं चल.'

पहाटे काठी टेकत त्या मला माणगंगेच्या पात्रात घेऊन गेल्या. नदी म्हणजे नुसती वाळू. ऊन चढलं की सगळी वाळू सारखीच दिसते, पण पहाटे जिथं खाली पाणी आहे तिथली काळपट राहते, हे त्यांनी काठीनं दाखवलं. मग खाली बसल्या. कोपरभर उकरलं, आणि कडेची वाळू ढासळू नये म्हणून ओल्या वाळूचाच गोल कठडा थापत गेल्या, आपण भाकरी थापतो तसा, बोटांच्या पेरांनी. पाणी पाझरलं. पहिलं गढूळ, ते उपसून टाकलं. दुसरंही टाकलं. तिसऱ्या पाण्याला वाटी लावली. वाटी बुडवायची नाही, काठानं टेकवायची, म्हणजे तळाची वाळू उठत नाही. आणि घागरीच्या तोंडाला लुगड्याचा दुहेरी पदर. मी विचारलं, 'घागर भरायला किती वेळ लागायचा?' म्हणाल्या, 'एक पोरगं पाजून हुईस्तवर एक घागर.'

त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलायला लागल्या. त्या सकाळी त्या शिकवत होत्या आणि मी शिकत होते. मी स्वतः मास्तरीण, तरी शिकवणाऱ्याला किती बोलावंसं वाटतं हे मला तेव्हा उमगलं.

म्हणून सांगते, तू 'आजी, तुझं आयुष्य सांग' असं म्हणू नकोस. तिला म्हण, की महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात डब्यात पीठ संपलं तर तू काय करायचीस, कुणाच्या दारात जायचीस आणि कुणाच्या दारात मरण आलं तरी जायची नाहीस? जोंधळ्याचं बियाणं राखेत ठेवायचीस की लिंबाच्या पाल्यात? ते रुजेल की नाही हे पेरायच्या आधी कसं बघायचीस? बारा माणसांत दूध एक शेर असेल तर आधी कुणाला? या शेवटच्या प्रश्नावर आमच्या घरात दोन दिवस बोलणं चाललं होतं. कोणत्या पोराला किती मिळालं आणि का, हे आत्यांना पन्नास वर्षांनी वारांसकट आठवत होतं.

आणि तिला नुसती समोर बसवू नकोस. हातात काहीतरी दे. शेंगा फोडायला दे, मेथी निवडायला दे. मोबाइल फळीवर उपडा ठेव. घरात जातं असेल तर त्याच्यापाशी नेऊन बसव. खुंट्याला हात लागला की ओवी येते, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या सगळ्या तुझ्या आजीसारख्या बायकांच्या तोंडून आल्या, 'आम्हाला काय येतंय' असं म्हणणाऱ्या बायकांच्या. ओवीत भावाचं नाव येतं, माहेरच्या गावाचं येतं, कधी सासूवरचा रागही येतो. जे एरवी जिभेवर येत नाही ते जात्याच्या घरघरीत येऊन जातं. पहिल्याच दिवशी ओवी आली नाही तर मागं लागू नकोस. दोन दिवसांनी परत बस.

आता रेघांचं सांगते, कारण तुझ्या आजीकडेही असं काही असण्याचा संभव आहे.

आत्यांची एक पत्र्याची ट्रंक होती. त्यात लग्नातलं लुगडं, सासऱ्यांची पगडी आणि तळाशी सुतळीनं बांधलेला मनीऑर्डरीच्या कूपनांचा गठ्ठा. ज्यांनी मनीऑर्डर पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, फॉर्मच्या खालच्या बाजूला एक लहानसा तुकडा असायचा. पैसे पाठवणारा त्यावर दोन ओळी लिहायचा, पोस्टमन पैसे देताना तो तुकडा फाडून हातात द्यायचा. मामंजी दर महिन्याला चाळीस, पन्नास, पुढं शंभर रुपये पाठवत, आणि 'सर्वांनी तब्येतीस जपणे' एवढंच लिहीत. आत्यांना वाचता येत नव्हतं. पोस्टमन वाचून दाखवायचा. माझी समजूत अशी, की नवऱ्याची आठवण म्हणून त्यांनी हे तुकडे जपले. त्या समजुतीवर मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात हळवी होत असे.

झिऱ्यानंतर एकदा ट्रंक उन्हाला काढली होती. एक कूपन हातात घेतलं आणि उलटं केलं. मागं पेन्सिलीच्या रेघा. काही उभ्या, काही तिरक्या, काहींवर आडवी फुली. दुसरं उलटलं, त्यावरही. सगळ्या गठ्ठ्यावर. मी विचारलं, 'आत्या, या रेघा कशाच्या?'

म्हणाल्या, 'ह्यो पैरा.'

पैरा म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबणं. आज तू माझ्या भांगलणीला ये, उद्या मी तुझ्या. पैशाचा व्यवहार नाही, पण दिवसाचा हिशेब चोख. उभी रेघ म्हणजे दुसरी बाई आमच्या रानात आली तो दिवस. तिरकी म्हणजे आत्या तिच्या रानात गेल्या तो. फुली म्हणजे फिटलं. आणि कूपनावर पोस्टाचा शिक्का असतो, त्यात महिना असतो. तो शिक्का त्यांना वाचता येत नसला तरी या महिन्याचं कूपन या महिन्याला वापरायचं, एवढं त्यांनी ठरवून टाकलं होतं. एका बाजूला मामंजींचा मजकूर, दुसऱ्या बाजूला त्यांचा खातेवह्यांचा कारभार. 1958 पासूनचा.

त्या गठ्ठ्यात मधे काही कूपनं पाठीमागं कोरी होती, एकामागोमाग एक. मी शिक्के बघितले. 1972 च्या पावसाळ्यापासून पुढची. मला त्यांनी काही सांगायची गरजच उरली नाही. रानात काम नव्हतं तर पैरा कुणाचा आणि फेड कुणाची? त्या दुष्काळात सरकारी कामांवर 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर 50 लाखांच्या आसपास माणसं होती, आणि त्यात फार मोठा भरणा बायांचा. आत्या थोरल्या लेकीला घेऊन रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होत्या. त्या वर्षीचं एकच बोलल्या. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या जोंधळ्याची भाकरी थापता येत नाही, मोडते. मग त्यात उडदाचं पीठ मूठभर घालायचं. झालं. दुष्काळाबद्दल त्यांना सांगायचं होतं ते हे, की भाकरी मोडू दिली नाही.

अक्षर न येणाऱ्या बाईला हिशेब येत नाही, असं शिकलेल्यांना वाटतं. आमच्या म्हसवडला चेतना सिन्हांनी बायकांची सहकारी बँक काढायची ठरवलं, तेव्हा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते. त्याच बायका पुन्हा रिझर्व्ह बँकेपुढं गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायला उभ्या राहिल्या. 1997 ला माणदेशी महिला बँकेला परवाना मिळाला. आत्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. शिमग्याला मामंजी वळकटी आणि ट्रंक घेऊन आले ते परत गेलेच नाहीत. पस्तीस वर्षं यंत्राच्या आवाजात काढलेला माणूस ओसरीवर नुसता बसून राहायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आत्यांनी आठ दिवस त्यांना काही म्हटलं नाही. नवव्या दिवशी बाजाराला गेल्या आणि स्वतःच्या गाठीच्या पैशातून दोन गाभण शेळ्या घेऊन आल्या. दावं मामंजींच्या हातात दिलं. म्हणाल्या, 'मला आता चढणीला दम लागतोय, एवढ्या तुमी बघा.' त्यांना दम लागत नव्हता. त्यानंतरही वीस वर्षं त्या ती चढण चढल्या. पण मामंजी दुसऱ्या दिवशी डोक्याला टॉवेल गुंडाळून शेळ्यांमागं निघाले, आणि घरात पुन्हा त्यांचा आवाज ऐकू यायला लागला. तुझी पुस्तिका लिहिताना अशी जागा सापडेपर्यंत विचारणं सोडू नकोस, पोरी. प्रत्येक कारभारणीच्या आयुष्यात ती असते.

वयाचं म्हणशील, तर तारखेऐवजी खुणा धर. आत्या सांगायच्या, 'लग्नात साखर रेशनवर, म्हणून गुळाचं केलं.' म्हणजे दुसरं महायुद्ध, 1943 च्या आसपास. 'न्हातीधुती होऊन लगीन झालं,' म्हणजे चौदा-पंधराची. 'गांधीबाबा गेलं तवा थोरला रांगत हुता,' म्हणजे जानेवारी 1948. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा धाकटा किती महिन्यांचा होता हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्याला काखेत घेऊनच त्या अंगणात धावल्या. असं करत आम्ही 1928 किंवा 29 वर आलो. तुझ्या आजीच्या माहेरच्या तालुक्याला तहसील कार्यालयात कोतवाल बुक मिळतं का बघ. त्यात गावातले जन्म-मृत्यू लिहिलेले असतात, गाव नमुना 14. मुलीचं नाव बहुधा नसतं, 'अमक्यास मुलगी' एवढंच असतं, पण तारीख मिळून जाते. मोडी वाचणारा कुणी सोबत ने.

आणि पुस्तिकेत त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, चंदनासारखी झिजली, हे शब्द घालू नकोस. हे कुणाच्याही आजीला लागू पडतात, त्यात तुझी आजी दिसत नाही. आमच्या पुस्तिकेत मी कूपनाच्या दोन्ही बाजूंचे फोटो छापले आणि खाली फक्त महिना लिहिला. आत्यांनी बोट फिरवून रेघा मोजल्या. म्हणाल्या, 'ह्यातली एक ऱ्हायली फेडायची.' ती बाई पुढल्या गल्लीतली, जाऊन पंधरा वर्षं झालेली. दुसऱ्या दिवशी आत्यांनी तिच्या नातसुनेकडे पायलीभर बाजरी पाठवून दिली.

प्रश्न : आई 88 वर्षांची आहे. पहाटे उठून अंगण झाडते, माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढते. 'आता बस, देव देव कर,' म्हटलं की चिडते, जेवत नाही. शेजारी म्हणतात, म्हातारीला राबवून घेतात. काय करावं?
— एक मुलगा, कोल्हापूर

उत्तर : शेजाऱ्यांचं मनावर घेऊ नका. आईचं घ्या. सत्तर वर्षं जिचे हात रिकामे राहिले नाहीत तिला 'बस' म्हणणं म्हणजे तू आता या घरात नकोस, असं तिच्या कानाला ऐकू येतं.

उंची आणि ओल, या दोन गोष्टी मात्र तिच्यापासून खरोखर काढून घ्या. स्टूल घरातून हलवा. डबे कमरेच्या उंचीवर आणा. तिला सांगायचं नाही, गुपचूप आणायचे. मोरीत धरायला दांडी बसवा, अंगण झाडायचं तर उजाडल्यावर, पायात चप्पल घालून. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस खाटेवरून उठेलच याची खात्री नसते. मोतीबिंदू दाखवला नसेल तर या महिन्यात दाखवा. पुष्कळदा पडणं पायामुळं नसतं, डोळ्यांमुळं असतं.

बाकीचं काम राहू द्या, पण काम खरं असू द्या. एका घरात मी पाहिलं, म्हातारीचा वेळ जावा म्हणून सुना डाळ आणि तांदूळ मुद्दाम मिसळून तिला निवडायला देत. तिला ते कळलं. तिनं दोन दिवस कुणाशी शब्द टाकला नाही. मला आजही त्या सुनांचा राग येतो.

आमच्या आत्या शेवटची पाच-सहा वर्षं वाकळा शिवायच्या. सुईत दोरा ओवता यायचा नाही. मग नातवंडं शाळेत जाताना दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. संध्याकाळी घरी येऊन पहिल्यांदा उशी बघायची, की किती रिकाम्या झाल्या. सात रिकाम्या झाल्या तर तब्येत बरी. तीनच झाल्या तर डॉक्टरला फोन. तुमच्या आईच्या हाताला काय येतं ते तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर मावशीला विचारा.

प्रश्न : आजोबा 1988 साली गेले. सातबाऱ्यावर बाबा आणि दोन्ही काकांची नावं लागली. आजीनं साठ वर्षं तीच जमीन कसली, तिचं नाव कुठंच नाही. घरात विषय काढला तर 'तिला काय कमी आहे?' म्हणतात. तिचा काही हक्क आहे का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : आहे. आजोबा मृत्युपत्र न करता गेले असतील तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा पत्नी, मुलगे आणि मुली हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. म्हणजे आजीही आणि तुमच्या आत्याही. जमीन वडिलोपार्जित की आजोबांनी घेतलेली यावर वाटा किती हे बदलतं, पण नाव लागायलाच हवं होतं.

आधी 1988 च्या आसपासचा वारस नोंदीचा फेरफार काढा. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळेल. त्यात तीन गोष्टी बघा. आजीचं नाव वारसांत सांगितलंच नव्हतं का? 'इतर हक्क' या रकान्यात ढकललं आहे का? की तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं? तिसरं असेल तर तो दस्त नोंदणीकृत आहे का ते पाहा, आणि अंगठा कसला देतेय हे तिला कळलं होतं का, हे तिलाच एकांतात विचारा. पुढचं पाऊल या कागदांवर ठरेल, तेव्हा ते घेऊन तालुक्यातला महसुली कामं करणारा वकील गाठा. बाबा-काका राजी झाले तर काम सोपं आहे. न झाले तर लांबतं, पण अशक्य नाही.

'तिला काय कमी आहे' याचं उत्तर द्यायचं तर शेतकऱ्यांचीच गोष्ट सांगा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1986 ला चांदवडला शेतकरी बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं, आणि पुढं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. त्यात गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. कोर्ट नाही, कज्जा नाही. त्या बायकांनाही घरात खायला-प्यायला काही कमी नव्हतं. आता तर मुलामुलींच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावणं राज्यानं सक्तीचं केलंय. तुमच्या घरातलं लेकरू शाळेत आईच्या नावासकट जाईल, आणि जिनं ती जमीन राखली तिचं नाव सातबाऱ्यावर नसेल, हे बाबांना एकदा शांतपणे सांगून बघा.

हे सगळं करण्याआधी आजीला मात्र विचारा, की तुला हवंय का. आमच्या आत्यांना मी विचारलं होतं. मला वाटलं, नको म्हणतील. त्या म्हणाल्या, 'लाव. पण बांधाकडचा तुकडा, हिरीजवळचा.' कोणता तुकडा मागायचा हे त्यांचं कधीचंच ठरलेलं होतं.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेत वंशावळ करून आणायला सांगितली आहे. माझ्या पणजीचं लग्नाआधीचं नाव वेगळं होतं असं ती म्हणते. मी कोणतं लिहू?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : दोन्ही लिही, आणि माहेरचं आधी लिही. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, आणि त्या दिवसापासून जुनं नाव मिटायचं, अशी रीत होती. तांदळातलं नाव त्याच संध्याकाळी पुसलं जातं, पण आयुष्यभर तेच चालतं.

आमच्या आत्यांचं माहेरचं नाव मला त्या ऐंशीच्या झाल्यावर कळलं. त्यांचा धाकटा भाऊ, तोही काठी टेकत, भाऊबीजेला आला होता. दारातूनच त्यानं हाक मारली. घरात कुणालाच कळेना, कुणाला बोलावतोय. आत्या मात्र चुलीपुढून एवढ्या लगबगीनं उठल्या, की हातातलं उलथनं खाली ठेवायचंही भान राहिलं नाही.

तू तुझ्या पणजीला नुसतं नाव विचारू नकोस. त्या नावानं तिला शेवटची हाक कुणी मारली, तेही विचार, आणि वंशावळीत तिच्या नावाशेजारी त्या माणसाचं नाव लिही.